निळ्या पुस्तकाची शेवटची पानं

परवा सुनेनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आई, हे बघा, तुम्ही नेहमी म्हणता ते निळं पुस्तक. आख्खं आहे. आणि फुकट!" मी चष्मा शोधला, पुसला, लावला. मुखपृष्ठ पांढरंच दिसलं, पण नाव तेच. "फुकट नाही गं, मोकळं," मी म्हटलं. तिला फरक कळला नाही. कळायचं कारणही नव्हतं, तो शब्द आमच्या दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बोटानं सरकवत सरकवत ती शेवटच्या प्रकरणापाशी आली तेव्हा मी म्हटलं, "राहू दे आता, डोळे दुखतात." डोळे कसले दुखतात! त्या आठ पानांत माझ्या आईबापांचा अर्धा संसार अडकलेला आहे, आणि ती पानं आता कुणीही, कुठेही, चहा पिता पिता वाचू शकतं. दादांनी याच दिवसासाठी इतकी वर्षं मोजली होती. ते दोघंही आता नाहीत. "कायले लिहून राहिली?" असं विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून लिहून टाकते.

पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. समोरच्या खोलीत दादांचा छापखाना आणि मागे आम्ही. दिवसभर ट्रेडलचा, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्राचा, खट्‌-धप्प, खट्‌-धप्प आवाज चालायचा. तो थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं हो?" आवाज चालू असताना तिनं कधी काही विचारलं नाही. घराला शाईचा आणि रॉकेलचा वास. आई भाकरी थापायला बसली की तव्यावरच्या ज्वारीच्या वासात तो मिसळून जायचा, आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की भाकरीचा वासच तसा असतो. संत्र्याच्या मोसमात रामाकोन्याहून मामा पोतं घेऊन यायचा. मग आठ दिवस आमच्या बोटांना एकीकडून शाई आणि दुसरीकडून संत्र्याच्या सालीचं तेल. आई त्या साली वाळवून डब्यात भरायची आणि वरणाला फोडणी देताना चिमूटभर टाकायची. तसं वरण मी पुढे किती वेळा करून पाहिलं, जमलं नाही.

छापखान्यात लग्नपत्रिका, संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं, कापसाच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं आणि शाळांचे परीक्षेचे पेपर निघायचे. अर्धं काम हिंदीत, अर्धं मराठीत; गावच सीमेवरचं. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हिंदीच्या हिशेबानं घेतलेले, म्हणून 'ळ' कायम कमी पडायचा. ते नागपूरहून आणावे लागत. मी सातवीत असल्यापासून दादांच्या बाजूला स्टुलावर उभी राहून खिळे जुळवायला शिकले. उलटं वाचायची इतकी सवय झाली की शाळेत बाईंच्या टेबलावरची वही मला समोरून सरळ वाचता यायची, आणि त्याबद्दल मी एकदा मारही खाल्ला.

मी बारा वर्षांची होते तेव्हा रामाकोन्याची आजी गेली. निरोप दुपारी आला, एसटीच्या कंडक्टरबरोबर: आजीचं जास्त आहे, निघा. त्या दिवशी छापखान्यात सहामाहीचे पेपर चालले होते. पेपर छापताना दादा दार लावून घेत आणि घरच्यांशिवाय कुणाला आत येऊ देत नसत. छापायचे ते, मोजून गठ्ठे बांधायची आई. दादा म्हणाले, "एवढे गठ्ठे बांधून होऊ दे. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ." आईनं सुतळी उचलली आणि ती बांधायला बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या, आणि मामा आमच्याकडे न पाहता विहिरीकडे निघून गेला. आजी पहाटेच गेली होती. तिनं आदल्या संध्याकाळी दोनदा आईचं नाव घेतलं, असं कुणीतरी सांगितलं. अशा वेळी सांगणारे असतातच.

तेरावं करून परत आल्यावर आई बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही, कामात खंड नाही. ट्रेडलचा आवाज थांबला तरी "काय झालं हो?" येईना. दादा बिचारे कावरेबावरे झाले. दोन महिन्यांनी त्यांनी आईच्या ट्रंकेतून ते निळं पुस्तक काढलं. आजीनं ते आईला लग्नात दिलं होतं. लहानपणी आजी आईची वेणी घालताना त्यातली पत्रं वाचून दाखवायची म्हणे. पुस्तक तसं साधंच. एक आई सासरी गेलेल्या लेकीला पत्रं लिहिते. कैरी कशी मुरवायची, सासू रागावली तर काय करायचं, गाय व्याली, वडिलांचा खोकला, असलं सगळं. लिहिणारी बाई हे एकच पुस्तक लिहून गेली. दादा आईला म्हणाले, "रोज दुपारी एक पत्र वाचून दाखव आम्हाले." आणि आई वाचायला लागली. जेवणं झाल्यावर, खरकटं काढून, भिंतीला पाठ टेकून. पहिल्या दिवशी तिचा आवाज इतका बारीक होता की दादांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. महिन्याभरात ती पात्रांचे आवाज काढायला लागली. एके दिवशी गाईच्या पत्राला ती स्वतःच खुदकन हसली, आणि दादा उठून छापखान्यात गेले, उगाचच. डोळे पुसायला गेले असतील.

पुस्तक शेवटाला आलं तेव्हा कळलं की शेवटचं प्रकरण नाहीच. पुस्तकाच्या पाठीवर आईनं जुन्या लुगड्याचं कापड खळीनं चिकटवलं होतं, आणि पानं मधेच संपत होती.

"पुढची पानं?" दादांनी विचारलं.

"गेली असतील झिजून," आई म्हणाली. "जुनं पुस्तक आहे. शेवट मलेही माहीत नाही."

त्या दिवसापासून दादांना एकच ध्यास लागला. ती पानं शोधायची, आणि नुसती शोधायची नाहीत, आख्खं पुस्तक नव्यानं छापून आईच्या हातात द्यायचं. पुस्तक कुठेही मिळत नव्हतं. त्यांनी लेखिकेच्या नातवाचा पत्ता मिळवून पत्र टाकलं, दोनदा. तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून कार्ड आलं: पुन्हा छापण्याचा आमचा विचार नाही आणि इतर कोणी छापावे अशी इच्छाही नाही. मामा ते कार्ड वाचून भडकला. दादा मात्र शांत. "त्यायचं आहे, त्यायचा हक्क आहे. पण कायम नाही राहत," म्हणाले. आणि मग मला समजावून सांगितलं. लिहिणारा जिवंत असेपर्यंत पुस्तक त्याचं. मेल्यावर पन्नास वर्षं त्याच्या वारसांचं. मरणाचं साल सोडून द्यायचं, पुढच्या एक जानेवारीपासून मोजायला लागायचं. पन्नास पुरी झाली की पुस्तक मोकळं. "मोकळं म्हणजे?" मी विचारलं. "म्हणजे तुझं, माझं, तिगावच्या स्टेशनावरच्या हमालाचंही. कोणाले इचारायची गरज नाही." हे सांगताना ते इतके खूश होते, जसं काही सरकारनं तो कायदा आमच्या आईसाठीच केला होता. हिशेब केला तर आठ वर्षं निघाली. आठ वर्षं म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी छापखान्याच्या दारामागे खडूनं आठ रेघा मारल्या. दर एक जानेवारीला एक रेघ पुसायची. आई पाहायची आणि म्हणायची, "तुमचं काहीतरी."

दरम्यान नागपूरच्या एका जुन्या वाचनालयात ते पुस्तक सापडलं. बाहेर न्यायची परवानगी नव्हती. दादा कागद आणि शाई आणायला महिन्यातून एकदा नागपूरला जात, तेव्हा गाडीची वेळ होईपर्यंत तिथे बसून शेवटचं प्रकरण वहीत उतरवून काढत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून वेळ लागे. वही पूर्ण झाल्यावर मी म्हटलं, "आईला द्या ना वाचायला." तर म्हणाले, "नाही. छापील पुस्तक हातात देईन, तेव्हाच शेवट वाचायचा तिनं." आई चुलीजवळूनच म्हणाली, "व्हय, तसंच करा." मला वाटलं, किती धीराची बाई. आमच्याकडे बायका 'जातो, येतो' म्हणतात, तशा पुरुषी ऐटीत तिनं वर म्हटलं, "मी थांबतो. मले काही घाई नाही."

शेवटची रेघ उरली त्या वर्षी मी कॉलेजात होते. दिवाळी झाली तशी दादांनी जुळणी सुरू केली, आणि तीही शेवटच्या प्रकरणापासून. एक जानेवारीला सकाळी पहिला कागद निघेल तो तिनं न वाचलेलाच निघाला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आठ पानं आम्ही दोघांनी जुळवली. प्रत्येक पान सुतळीनं बांधून फळीवर ठेवलं. आमचे सगळे 'ळ' त्या आठ पानांत अडकले, आणि ऐन लग्नसराईत पत्रिकांना 'ळ' उरला नाही. एका नवरदेवाच्या पत्रिकेवर 'बालासाहेब' छापून गेलं. त्याचा बाप दोन तास ओट्यावर बसून भांडला. आईनं त्याला पातोडीचा रस्सा वाढला, तेव्हा कुठे उठला. दादा आतल्या आत हसत होते. त्या दोन महिन्यांइतके आनंदी मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत.

त्या प्रकरणात काय होतं ते सांगायला हवं. पत्रं लिहिणारी आई आजारी पडते. शेवटचं पत्र ती सांगते आणि शेजारीण लिहून घेते. लेक निघते, पण घरातलं एक काम आटपेपर्यंत थांबते आणि एक दिवस उशिरा पोचते. बस, एवढंच. जुळवताना मी रडले होते. दादा म्हणाले, "किती साधं लिहिलं आहे पाह्य!" आम्ही दोघं ती ओळ खिळा खिळा लावून जुळवत होतो, आणि दोघांपैकी एकालाही रामाकोना आठवला नाही. माणूस इतका आंधळा कसा असू शकतो, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. मी तर तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते.

वर्ष संपायला तीन-चार दिवस उरले असताना मामा संत्री घेऊन आला आणि स्टेशनवर घेतलेला पेपर दादांपुढे टाकून म्हणाला, "भाऊजी, हे काय आहे? तुमचंच आहे ना हे?" बातमी आतल्या पानावर होती. सरकारनं पन्नासची साठ वर्षं केली होती. एका फार मोठ्या माणसाचं लिखाण त्याच साली मोकळं होणार होतं, ते राखण्यासाठी. त्याच्याबरोबर आमच्या निळ्या पुस्तकाच्या गळ्यातही आणखी दहा वर्षांचं लोढणं आलं. दादांनी बातमी दोनदा वाचली. मग ट्रेडलवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

"छापून टाका ना बापा!" मामा म्हणाला. "कोण येऊन राहिलं पांढुर्ण्याले पाहाले? शंभर कॉप्या काढा, घरात ठेवा."

"नाही," दादा म्हणाले.

"अहो चार दिवसांनी तं मोकळंच होणार होतं!"

"चार दिवस असो का चार घंटे. जे आपलं नाही ते नाही."

माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दादांवर ओरडले. "तुमचा कायदा तुम्हाला लखलाभ! आई जन्मभर वाटच पाहत बसणार का? तिच्या मनाचा काही विचार आहे का तुम्हाला?" दादांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कपाटातून ती वही काढली आणि आईपुढे धरली. "घे. छापील नाही देऊ शकलो. ही वाच."

आईनं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही," म्हणाली. "तुमी छापसान तेव्हाच वाचीन. थांबलो तसा आणखी थांबतो. अन् शोभा, बापाशी असं बोलतात काय? भाकरी थंड होऊन राहिली, या सगळे."

दुपारी दादांनी फळीवरचं पहिलं पान घेतलं, सुतळी सोडली आणि एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायला सुरुवात केली. मी मदत केली नाही. दारात उभी राहून पाहत राहिले. टक, टक, टक. आठ पानं सुटायला संध्याकाळ झाली. मग त्यांनी दारामागे दहा नव्या रेघा मारल्या, पण उभं राहून नाही, खुर्चीवर बसून. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. मी पुढे कित्येक महिने त्यांच्याशी मोजकंच बोलले. आईचा कैवार घेतला होता ना मी!

त्यानंतर माझं लग्न झालं, मी सौसरला शाळेत शिकवायला लागले. पांढुर्ण्यात ऑफसेट आलं. दादांचा ट्रेडल भंगारात गेला, खिळे वजनावर गेले. खिळ्यांची एक केस, म्हणजे खान्याखान्यांची पेटी, तेवढी त्यांनी पलंगाखाली ठेवली, 'ळ' सकट. दहातल्या सात रेघा पुसल्या गेल्या त्या वर्षी आईची मूत्रपिंडं थकली. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी रजा टाकून आले. पायांवर सूज, तोंडाला चव नाही. वरणाचं पाणी तेवढं दोन चमचे घ्यायची, तेही सालीची चिमूट टाकली तरच. एका दुपारी दादा औषध आणायला गेले होते, तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, "आई, तुला शेवटचं प्रकरण सांगू का? मला पाठ आहे. दादांना नाही कळणार."

आई हसली. "कायले सांगते? मले माहीत आहे."

"कसं?"

"पानं झिजून नाही गेली, शोभा. मी फाडली. आजीच्या तेराव्याहून आलो ना, त्याच दिवशी. चुलीत घातली." मग थोडा वेळ श्वास घेत राहिली. "ते लेकीचं उशिरा पोचणं... वाचवत नव्हतं माझ्यानं. वाटे, कोणीतरी माझंच लिहून ठेवलं."

"मग दादांना का नाही सांगितलं? इतकी वर्षं ते..."

"कसं सांगू? 'उद्या जाऊ' म्हणणारे तेच. सांगतलं असतं तं जन्मभर जिवाले लावून घेतलं असतं त्यायनं. अन् किती हौसेनं करून राहिले होते. नागपूरच्या चकरा, त्या रेघा. म्हटलं, करू दे. कायदा बदलला त्या दिवशी मले हायसं वाटलं पाह्य. मग त्यायचं तोंड पाहिलं, तं वाटलं, छापून जाऊ दे बापा एकदाचं, वाचून घेईन डोळे मिटून." तिनं माझा हात धरला. तिच्या हातात जोर उरला नव्हता. "त्यायले सांगू नको."

मी ज्या आईच्या बाजूनं बापाशी भांडले, ती आई मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि पाच दिवसांनी ती गेली. आम्ही दोघंही जवळ होतो. निदान तेवढं तरी.

उरलेल्या तीन रेघा दादांनी एकट्यानं पुसल्या. शेवटची पुसली त्या एक जानेवारीला मी मुद्दाम पांढुर्ण्याला गेले. बघते तर अंगणात उन्हात पाट मांडून बसलेले, पुढ्यात ती केस. आख्ख्या पुस्तकापुरते खिळे आता कुठे होते? म्हणून शेवटची आठच पानं, तीही एक जुळवायचं, एक कागद काढायचा, खिळे सोडायचे, पुढचं जुळवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण महिनाभर खपूनही छापलं नव्हतं एकही. जुळवून पाहायचं आणि सोडायचं, हाताला सराव म्हणून. एक जानेवारीच्या आत कागदाला शाई लावायची नाही म्हणजे नाही! आठवडाभर मी राहिले. मी जुळवायचं, ते हातानं शाईचा रूळ फिरवायचे, वर कागद ठेवून लाकडी ठोकळ्यानं दाबायचे. आठ पानं निघाली. एकच प्रत. काही अक्षरं फुटकी, काही जास्त काळी.

"आता तिच्या पुस्तकात बसवतो," दादा म्हणाले. "तिचं पुस्तक पुरं झालं पाहिजे."

मी घाबरले. "दादा, वेगळंच शिवा ना. जुनं कशाला उसवता?" पण ते ऐकणार थोडेच. त्यांनी ओल्या बोळ्यानं पाठीवरचं लुगड्याचं कापड भिजवलं आणि हळूच सोलून काढलं. आत शिलाईजवळ फाटलेल्या पानांच्या कडा उभ्या होत्या. दादांनी चष्मा वर केला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, त्या कडांवरून अंगठा फिरवला. साठ वर्षं कागद हाताळलेला माणूस तो.

"हे झिजलेलं नाही," ते म्हणाले. "हे फाडलेलं आहे. एका ओढीत."

"उंदरानं..." मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. मग त्यांनी वाळत घातलेल्या आठ पानांतलं शेवटचं पान उचललं आणि स्वतः छापलेल्या त्या ओळी, ज्या त्यांनी वहीत उतरवल्या, दोनदा जुळवल्या, त्या ओठ हलवत पहिल्यांदा वाचल्यासारख्या वाचल्या. लेक एक दिवस उशिरा पोचते तिथे ओठ थांबले. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं तरी ते तसेच बसून होते.

"उद्या जाऊ म्हटलं होतं मी तिले," दादा म्हणाले.

मी वाळलेली पानं गोळा करायला लागले. आईला न सांगण्याचा शब्द दिला होता, आणि आता त्याचा उपयोगही नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी मला खळ करायला सांगितली. मी मैदा शिजवून वाटी आणून ठेवली. आठ पानांची त्यांनी घडी केली आणि चुलीपाशी नेऊन दिली मला, हातात, चुलीत घालायला. मी घातली. मग पुस्तकाच्या पाठीला नीट खळ लावली, लुगड्याचं तेच जुनं कापड पुन्हा त्याच जागी बसवलं आणि कडा अंगठ्यानं दाबत दाबत म्हणाले, "राहू दे तिचं तसंच."